रब्बींच्या हातचं अक्षर

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९८५ साली एका ग्रंथालयातून दुर्मिळ पुस्तकं नाहीशी व्हायला लागली. ग्रंथालय लुबाविच या हसिदी ज्यू पंथाच्या मुख्यालयातलं. पाळत ठेवली तेव्हा उघडकीला आलं की पुस्तकं नेणारा परका कुणी नाही, पंथाचे सहावे गुरू रब्बी योसेफ यित्झाक श्नेअरसोन यांचा तो सख्खा नातू. तोवर चारशेच्या आसपास पुस्तकं बाहेर गेली होती आणि काही विकलीही गेली होती. नातवाचं म्हणणं सरळ होतं: आजोबांचा ग्रंथसंग्रह ही घरची चीजवस्तू, तेव्हा वारसाहक्कानं तो माझाही. पंथाचं म्हणणं असं की गुरूंकडे जे होतं ते सगळं अनुयायांच्या वतीनं होतं. भांडण फेडरल कोर्टात गेलं.

कोर्टापुढे ढीगभर कागद आले, पण खटला फिरला तो एका पत्रावर. रब्बी श्नेअरसोन नाझींच्या तावडीतून सुटून १९४० साली न्यूयॉर्कला आले होते. ग्रंथसंग्रहाचा काही भाग मात्र युरोपातच अडकून पडला होता. तो परत मिळावा म्हणून त्यांनी १९४६च्या फेब्रुवारीत अलेक्झांडर मार्क्स या ज्यू विद्वान ग्रंथपालांना पत्र लिहिलं आणि अमेरिकी सरकारदरबारी शब्द टाकण्याची विनंती केली. हे ग्रंथ आणि हस्तलिखितं पंथाच्या संस्थेच्या मालकीची आहेत, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नातवाच्या बाजूनं युक्तिवाद झाला की ती सरकारकडून काम करून घेण्यापुरती केलेली मखलाशी होती. न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांना ते पटलं नाही. पत्र मनापासून लिहिलेलं आहे, असं मानून त्यांनी ६ जानेवारी १९८७ रोजी पंथाच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी अपिलातही तो टिकला. लुबाविच अनुयायी आजही दरवर्षी तो दिवस सणासारखा पाळतात आणि त्या दिवशी आवर्जून पुस्तकं विकत घेतात.

म्हणजे एका रब्बीच्या जुन्या पत्रानं अख्खं ग्रंथालय वाचवलं. जगभर लिलावगृहांत, दिवाणखान्यांत आणि ग्रंथालयांच्या तिजोऱ्यांत रब्बींची पत्रं जमवण्याचा जो खटाटोप चालतो, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. लिहिणारा गेला, ज्याला लिहिलं तोही गेला. मग कागद कुणाचा?

नटनट्यांच्या किंवा क्रिकेटपटूंच्या सह्या जमवणं वेगळं आणि हे वेगळं. रब्बी म्हणजे पुजारी नव्हे. तो धर्मशास्त्राचा जाणकार, आणि गावकीतल्या तंट्यांचा न्यायाधीशही. लग्न, घटस्फोट, वारसा, खाण्यापिण्याचे विधिनिषेध, शनिवारच्या विश्रांतीचे नियम, अशा कुठल्याही बाबतीत अडलं की गावचा रब्बी उत्तर द्यायचा. त्यालाही उलगडा झाला नाही तर तो आपल्याहून थोर रब्बीला पत्र घालायचा. उत्तर यायला आठवडे लागायचे, कधी महिने. ते आलं की निवाडा म्हणून पाळलं जायचं, त्याच्या नकला निघायच्या आणि पुढे कधीतरी ती उत्तरं पुस्तकरूपानं छापली जायची. हजार वर्षांहून जास्त काळ चाललेली ही प्रश्नोत्तरांची परंपरा म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा कणाच आहे. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी दिलेले निवाडे ज्या खंडांत छापले, त्यांचं नावच मुळी ‘मोशेची पत्रं’ या अर्थाचं आहे.

या पत्रांचा एक धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. बगदादचे रब्बी योसेफ हाईम (१८३५ ते १९०९) यांच्याकडे मुंबई-कलकत्त्याला येऊन स्थायिक झालेले बगदादी ज्यू आपल्या शंका पाठवत. त्यांच्या छापील निवाड्यांत मुंबईहून आलेला एक प्रश्न आहे: शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, सायकल चालवावी की नाही? सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. धर्मग्रंथांत तिचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. रब्बींनी काही अटींवर परवानगी दिली. बहुतेक रब्बींना पुढे ती मान्य झाली नाही आणि वाद बराच काळ चालला.

अशी मूळ पत्रं हाती घेऊन पाहिली तर त्यांची घडण मोठी वेधक वाटते. वरच्या कोपऱ्यात देवाचं स्मरण करणारी दोन-तीन आद्याक्षरं. मग तारीख, पण ती बहुतेकदा महिन्याची नसते. तोरा हा धर्मग्रंथ वर्षभरात क्रमाक्रमानं वाचून पुरा करतात. त्यासाठी त्याचे ५४ भाग पाडले आहेत. पत्रावर ‘सोमवार’ आणि त्या आठवड्यात वाचायच्या भागाचं नाव, एवढंच असतं. वर्ष हिब्रू अक्षरांत मांडलेलं असतं, तेही हजाराचा आकडा गाळून. त्यामागून येतो मायना, आणि मायन्यात मात्र हात जराही आखडता नाही. समोरच्या रब्बीला ज्ञानाचा सागर, तोराचा दीप, पिढीचा आधार अशी बिरुदं लावता लावता कधी कधी पाच-सहा ओळी भरतात. पुढे मजकूर सुरू झाला की तो इतका काटकसरीनं लिहिलेला की दर तिसरा शब्द संक्षेपात. आणि अखेरीस सही करताना मोठमोठे रब्बी स्वतःच्या नावाआधी ‘लहानगा’ या अर्थाचा शब्द घालतात. मायना जितका भरजरी तितकी सही लीन.

लखोट्यावरही पाहण्यासारखं काही असतं. जर्मनीतल्या माइन्त्स शहरी हजारेक वर्षांपूर्वी रब्बी गेर्शोम होऊन गेले. दुसऱ्याचं पत्र त्याच्या परवानगीवाचून वाचणाऱ्याला वाळीत टाकावं, असा दंडक त्यांच्या नावावर सांगितला जातो. टपालखातं नसलेल्या त्या काळात पत्रं व्यापाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या हाती दिली जात, त्यामुळे ती वाटेत फोडली जाण्याचं भय खरंच होतं. त्या दंडकाची आद्याक्षरं लखोट्यावर लिहिण्याची रीत पुढे शतकानुशतकं चालली. संग्राहकांच्या हाती आजही तसे लखोटे येतात. पत्र खासगी राहावं म्हणून लिहिणाऱ्यानं शापाची धमकी घातलेली, आणि तेच पत्र लिलावाच्या रंगीत सूचीत मोठं करून छापलेलं. हा विनोद संग्राहकांच्या ध्यानात येत नसेल असं नाही.

अक्षर लागणं ही आणखी एक परीक्षा. छापील हिब्रू अस्खलित वाचणारा माणूससुद्धा या पत्रांपुढे अडखळतो. देवनागरी वाचणाऱ्याची मोडीच्या कागदापुढे जी गत होते तीच इथे. पोलंड-लिथुएनियाकडच्या रब्बींची लपेटी वेगळी, तुर्कस्तान-बाल्कनकडच्यांची वेगळी, येमेन आणि बगदादची आणखी वेगळी. शिवाय पत्र कुणाच्या हातचं, हा प्रश्न राहतोच. कोव्नोचे रब्बी यित्झाक एल्खानान स्पेक्टर (१८१७ ते १८९६) यांच्याकडे दूरदूरहून प्रश्नांचा ओघ लागलेला असे. त्यांचे चिटणीस याकोव लिपशित्झ पत्रव्यवहार सांभाळत. म्हातारपणी नजर आणि हात थकले की अनेक रब्बी मजकूर सांगत, लिहीत दुसरंच कुणी, आणि खाली थरथरती सही तेवढी स्वतःची. बाजारात या फरकाला फार भाव आहे. सगळं पत्र स्वहस्ते लिहिलेलं असेल तर किंमत एक. चिटणिसाचं अक्षर आणि रब्बींची सही असेल तर दुसरी. नुसता शिक्का असेल तर तिसरी. रब्बींनी टंकलिखित पत्राच्या समासात हातानं एखादी ओळ वाढवलेली असेल तर त्या ओळीसाठी बोली चढते.

एवढी पत्रं लिहिली गेली तर ती राहिली कुठे? याचं एक उत्तर ज्यू धर्माचारातच आहे. देवाचं नाव असलेला कागद फाडत नाहीत, जाळत नाहीत. तो सिनेगॉगमधल्या एखाद्या कोठीत टाकून ठेवतात आणि यथावकाश विधिपूर्वक पुरतात. या कोठीला गेनिझा म्हणतात. युरोपच्या ओल्या मातीत असे किती कागद विरून गेले याची गणती नाही. पण जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगची कोठी शतकानुशतकं रिकामीच केली गेली नाही, आणि इजिप्तच्या कोरड्या हवेनं आतले कागद टिकवले. अ‍ॅग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणींनी १८९६ साली तिथले काही तुकडे केंब्रिजला आणून सॉलोमन शेख्टर या विद्वानांना दाखवले. शेख्टर त्याच वर्षीच्या अखेरीस कैरोला गेले, कोठीतल्या धुळीत आठवड्यामागून आठवडे उभे राहिले आणि १,९३,००० च्या आसपास तुकडे केंब्रिजला घेऊन आले.

त्यात मध्ययुगातले सर्वांत थोर ज्यू धर्मशास्त्री आणि वैद्य मोशे बेन मैमून, म्हणजेच मायमोनिडीझ (मृत्यू १२०४), यांच्या हातचे कागद निघाले. आजवर अशा पन्नासाहून अधिक कागदांची ओळख पटली आहे. पण त्या ढिगातलं मनाला सर्वांत जास्त लागणारं पत्र त्यांनी लिहिलेलं नाही, त्यांना आलेलं आहे. धाकटा भाऊ डेव्हिड रत्नांचा व्यापार करून घर चालवायचा. त्याच्या कमाईवर थोरला भाऊ निश्चिंतपणे ग्रंथ लिहीत बसायचा. साधारण ११७० साली डेव्हिडनं तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून भावाला पत्र लिहिलं. काफिल्याची वाट सोडून एका सोबत्याबरोबर वाळवंट कसं पार केलं आणि जीव कसा वाचला, ते त्यात आहे. बंदरात माल काहीच आलेला नाही, घेण्याजोगी आहे ती फक्त नीळ. वाळवंटातून वाचलो तर समुद्राचं काय भय, असा हिशेब करून तो कळवतो की आता भारताकडे निघतो. ते जहाज हिंदी महासागरात बुडालं. डेव्हिडबरोबर घरचा पैसा गेला आणि इतरांचाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मायमोनिडीझनी आक्को शहरातल्या एका स्नेह्याला लिहिलं की त्या बातमीनंतर आपण वर्षभर अंथरुणाला खिळून होतो, आणि अजूनही भावाचं अक्षर दृष्टीला पडलं की काळीज हलतं. अक्षराची ओढ काय असते हे सांगायला यापेक्षा जुना साक्षीदार शोधायला नको. त्या पत्रावर त्यांचे डोळे खिळले असतील, तोच कागद आज केंब्रिजमध्ये आहे.

भारताचा उल्लेख मायमोनिडीझच्या आणखी एका पत्रात येतो. दक्षिण फ्रान्समधल्या लुनेलच्या विद्वानांना लिहिताना ते ओघात सांगतात की भारतातल्या ज्यूंना लिखित तोरा ठाऊक नाही. ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात, एवढाच त्यांचा धर्म. हे वर्णन कोकणातल्या बेने इस्रायलांना चपखल बसतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारीपाजारी ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ती हीच मंडळी. अभ्यासक म्हणूनच या ओळीकडे पुन्हा पुन्हा वळतात. बेने इस्रायलांमध्ये रब्बींची परंपरा नव्हती; त्यांचे धर्मकृत्यांचे प्रमुख काजी म्हणवले जात. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिलं ते बाहेरच्या रब्बींनी, आणि त्याचे परिणाम भोगले ते यांनी. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांशी विवाह करावा की नाही यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं शंका काढल्या आणि त्यांच्या वंशावळी तपासण्याचे नियम केले. कोणत्या काळी कुठल्या रब्बीनं यांच्याविषयी काय मत दिलं होतं, याचा धांडोळा सुरू झाला. समाजानं जेरुसलेममध्ये धरणं धरलं, १९६४च्या ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला आणि नियमांतून त्यांचं नाव वगळलं गेलं. जुनी पत्रं म्हणजे नुसती शोभेची वस्तू नव्हे, हे अलिबाग-पनवेलहून गेलेल्या कुटुंबांना त्या वेळी पुरतं कळलं.

या छंदातला श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून चालत नाही. एखाद्या थोर रब्बीचं पत्र घरात असलं की घराचं रक्षण होतं, अशी समजूत हसिदी आणि उत्तर आफ्रिकी ज्यूंमध्ये खोलवर रुजलेली आहे. लिलावात चढाओढीनं बोली लावणाऱ्यांत विद्वान थोडे आणि भाविक बरेच असण्याचं कारण हेच. लुबाविचचे सातवे गुरू मेनाखेम मेंडेल श्नेअरसोन १९९४ साली निवर्तले. त्यांच्या पत्रांचे तीसहून अधिक खंड छापले गेले आहेत. आजही काही अनुयायी आपली अडचण कागदावर लिहून यांपैकी एखाद्या खंडात मनाला येईल तिथे सारतात आणि उघडलेल्या पानावरचं पत्र हेच गुरूंचं उत्तर मानतात. पंथातल्या सगळ्यांनाच हा प्रकार रुचत नाही.

उलट दिशेनं, म्हणजे लोकांकडून रब्बींकडे गेलेल्या चिठ्ठ्या क्वचितच जपल्या गेल्या. त्याला एक ठळक अपवाद आहे. प्रशियातल्या ग्रेट्झ गावचे रब्बी एलियाहू गुटमाखर (१७९६ ते १८७४) यांच्याकडे आलेल्या सहाएक हजार चिठ्ठ्या न्यूयॉर्कच्या यीवो या ज्यू संशोधन संस्थेत आहेत. मूल होत नाही, दुखणं हटत नाही, कर्ज फिटत नाही, नवरा परागंदा झाला आणि घटस्फोटही दिला नाही, अशी गाऱ्हाणी त्यांत आहेत. कोणाही इतिहासकाराला पूर्व युरोपातल्या गरीब ज्यूंचं जगणं इतकं जवळून दुसरीकडे सापडणार नाही. पण लिलावगृहात यांतल्या एका चिठ्ठीला कोण विचारील? तिच्यावर नाव असतं एखाद्या फिरत्या विक्रेत्याच्या बायकोचं.

याच गुटमाखरना त्यांच्या तरुणपणी त्यांचे गुरू, पोझनचे रब्बी अकिवा एगर यांनी लिहिलेलं एक पत्र २०२० साली अचानक जगभरच्या ज्यूंच्या तोंडी झालं. पत्र १८३१ सालचं, पटकीच्या साथीतलं. सणाच्या प्रार्थनेला गर्दी करू नका, पंधरा-पंधरांच्या तुकड्या करून प्रार्थना उरका, आणि बंदोबस्ताला शिपाई लावा, असा त्यात व्यवहारी सल्ला आहे. साथ ओसरल्यावर प्रशियाच्या राजानं या रब्बींना आभाराचं पत्र धाडलं. कोरोनाच्या काळात सिनेगॉग बंद ठेवायला नाखूश असलेल्यांपुढे अनेक रब्बींनी एगरांचा हा दाखला ठेवला.

संग्राहकांत दोन माणसं मुद्दाम सांगण्यासारखी. पहिला अब्राहम श्वाड्रोन (१८७८ ते १९५७). गॅलिशियातला जन्म आणि बेरेझानीच्या विख्यात रब्बी शालोम मोर्देखाय श्वाड्रोन यांच्याशी नातं, त्यामुळे रब्बींची पत्रं लहानपणापासून अवतीभवती. विसाव्या वर्षाआधीच त्याला ज्यूंच्या हस्ताक्षरांचं वेड लागलं. रब्बी, कवी, शास्त्रज्ञ, कुणीच त्याला वर्ज्य नव्हतं. त्यानं नातेवाइकांना, वारसांना आणि खुद्द लिहिणाऱ्यांना पत्रं पाठवून पाठवून कागद मिळवले. आणि १९२७ साली जेरुसलेमला स्थायिक होताना तो सगळा साठा तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकला आणि पुढेही मरेपर्यंत त्यात भर घातली. आज एखादं संशयास्पद पत्र समोर आलं की ताडून पाहायला जे अस्सल नमुने लागतात, त्यांसाठी जाणकार श्वाड्रोनच्या संग्रहाकडे वळतात. संग्राहकानं कसं असावं याचं हे उदाहरण. जमवण्याची हाव पुरेपूर, पण मालकीची हाव नाही.

दुसरा मुंबईकर. डेव्हिड सॉलोमन ससून (१८८० ते १९४२) हा मुंबईतल्या ससून गोदीच्या, पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या ससूनांचा वंशज. आई फ्लोरा ही हिब्रू आणि अरबी जाणणारी, रब्बींशी धर्मशास्त्रावर पत्रव्यवहार करणारी बाई. नवऱ्यामागे तिनं मुंबईची पेढी काही वर्षं चालवली आणि १९०१ साली मुलांसह लंडन गाठलं. मुलानं धंद्यापेक्षा पोथ्यांत जास्त लक्ष घातलं. हजाराहून अधिक हिब्रू आणि शोमरोनी हस्तलिखितं जमवली आणि त्यांची दोन खंडी सूची १९३२ साली छापली. सूचीचं नाव ‘ओहेल दाविद’. पुणेकर ज्या सिनेगॉगला लाल देऊळ म्हणतात त्याचंही खरं नाव हेच. या संग्रहात मिश्ना या ज्यू धर्मसंहितेवरचं मायमोनिडीझच्या हातचं भाष्य होतं. ते आता जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. बाकीचा संग्रह १९७०च्या दशकापासून लिलावांत विखुरला. त्यातलं एक प्राचीन हिब्रू बायबल ससूननं १९२९ साली ३५० पौंडांना घेतलं होतं. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ते ३ कोटी ८१ लाख डॉलरना गेलं आणि तेल अवीवच्या संग्रहालयात दाखल झालं.

पैशाचे असे आकडे दिसायला लागले की मागोमाग बनावट माल येतोच. पण या क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं बनावट प्रकरण लिलावांच्या कितीतरी आधीचं आहे. रशियात क्रांतीची धामधूम चालू असताना, १९१८च्या सुमारास, खेर्सन शहराकडून शेकडो पत्रांचा एक साठा बाहेर आला. हसिदी पंथाचे संस्थापक बाल शेम तोव (मृत्यू १७६०) आणि त्यांचे शिष्य यांची म्हणे ही पत्रं. संस्थापकांच्या हातचं जवळपास काहीच उपलब्ध नसताना एकदम एवढं घबाड! लुबाविचच्या गुरूंपर्यंत ती पोहोचली आणि १९३०च्या दशकात वॉर्सातल्या पंथाच्या नियतकालिकात छापली गेली. अभ्यासकांनी मात्र तारखा ताडून पाहिल्या, माणसांची नावं आणि मृत्यूची सालं जुळवली, आणि हिशेब बसेना. डेव्हिड त्सवी हिल्मन यांनी १९५३ साली याचा सविस्तर पंचनामा केला. पत्रं बनावट असल्याचं मत विद्वानांत आज सर्वमान्य आहे. सहाव्या गुरूंनी मात्र अखेरपर्यंत त्यांची बाजू सोडली नाही. या अस्सल पत्रांच्या नकला आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

तारखेची चाचणी साधी, पण कामाची. शब्बाथला लिहिणं निषिद्ध. तेव्हा पत्रावरची तारीख शनिवारी पडत असेल तर रब्बींनी ते लिहिलेलं असणं अवघड. त्या आठवड्यात वाचायचा तोराचा भाग आणि तारीख यांचा मेळ बसतो का, हेही पाहतात. मग कागद, शाई, अक्षराची वळणं आणि टाक दाबण्याची सवय.

अस्सल पत्रही निर्धोक असतंच असं नाही. नाझींनी माणसं मारली तशी ग्रंथालयंही लुटली. बर्लिनच्या ज्यू विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ५९ दुर्मिळ पुस्तकं आणि हस्तलिखितं १९८४ साली न्यूयॉर्कला लिलावात निघाली, तेव्हा ती त्याच विद्यापीठातल्या एका प्राध्यापकानं जर्मनीतून वाचवून आणलेली असल्याचं बाहेर आलं. वाचवली हे पुण्य खरं. पण त्यामुळे ती त्याची झाली का? न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी दावा लावला, समझोता झाला आणि बहुतेक ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयांकडे वळवले गेले. त्यानंतर साडेतीन दशकं लोटली तरी धडा पुरता गिरवला गेला नव्हता. २०२१ साली रोमेनियातल्या क्लुज शहराच्या ज्यू समाजाची मृत्युनोंदवही न्यूयॉर्कच्या एका लिलावगृहात विक्रीला आली, समाजानं हरकत घेतल्यावर मागे घेतली गेली, आणि जुलैत अमेरिकी सरकारनं तिच्यासारख्या १७ नोंदवह्या आणि हस्तलिखितं जप्त केली. त्या ज्या गावांच्या होत्या तिथल्या ज्यूंना नाझी काळात गाड्यांत कोंबून छळछावण्यांकडे नेलं होतं. मालकीची कागदपत्रं दाखवायला त्यांपैकी कोण उरणार होतं?

लुबाविच पंथाच्या ग्रंथसंग्रहाचा रशियात राहिलेला भाग तर अजून परत आलेला नाही. अमेरिकी न्यायालयानं २०१० साली पंथाच्या बाजूनं निकाल दिला, २०१३ साली रशियाला दररोज ५० हजार डॉलर दंड ठोठावला. रशियानं तो मानला नाही आणि ग्रंथ मॉस्कोतल्या ज्यू संग्रहालयात हलवले. ब्रुकलिनमध्ये चाललेलं १९४६चं पत्र मॉस्कोत चाललं नाही.

तेव्हा ज्याला या छंदात शिरायचं आहे त्यानं सहीच्या वळणाआधी पत्राचा प्रवास विचारावा: कुणाकडून कुणाकडे, कधी, कोणत्या पावतीनं. विक्रेता १९३३ ते १९४५ या वर्षांबद्दल गप्प बसला तर आपणही खिसा बंद ठेवावा. आणि मजकूर वाचून घ्यावा. चार ओळींच्या आशीर्वादाला लाखो मोजणारे आणि एका परित्यक्तेला पुनर्विवाहाची मोकळीक देणाऱ्या तीन पानी निवाड्याकडे ढुंकूनही न बघणारे संग्राहक पुष्कळ आहेत. बाजारभावाचा आणि महत्त्वाचा मेळ इथे क्वचितच बसतो. विकत घेतलेल्या पत्राची स्वच्छ प्रतिमा एखाद्या ग्रंथालयाला देणं हे तर किमान कर्तव्य मानायला हवं. त्यानं कागदाची किंमत कमी होत नाही.

मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडातल्या बेने इस्रायल आणि बगदादी घरांत, कपाटांच्या तळाशी, अजूनही हिब्रूत किंवा मराठीत लिहिलेली जुनी पत्रं असतील. ती लॅमिनेट करू नयेत, फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. आम्लरहित कागदात सपाट ठेवावीत, ओलीपासून जपावीत, आणि कोण कुणाला लिहितंय हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच विचारून वेगळ्या कागदावर टिपून ठेवावं. परदेशी विक्रेत्यानं मागणी घातलीच तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल, तर कुणाही खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही.